एकोणतीस इंच

या हो, असे जवळ सरका. पायरीवर नको, आत सतरंजीवर या. मागच्यांना ऐकू आलं नाही असं नंतर कुणी म्हणायला नको. एका टाळकऱ्याची गोष्ट सांगायची आहे. कीर्तनात तिचा दृष्टांत झालेला तुम्ही कदाचित ऐकलाही असेल, ऐकून डोळे पुसले असतील. पण दृष्टांतातली गोष्ट ही देवापुढं ठेवायच्या फळासारखी वरून पुसून घेतलेली असते. ती देठापाशी कशी होती, ते सांगतो. मन घट्ट करून ऐका.

सहादेव त्या दिवशी टीव्ही घ्यायला गेलाच नव्हता. नागापूरच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटल्यावर तो नगरात चितळे रोडवर मिक्सर दुरुस्तीला टाकायला आला होता. सून वृषाली हिनं सकाळीच तो पिशवीत घालून दिला होता. दुकानात समोरची भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच मॅच. नव्व्याण्णव सालचा मे महिना, वर्ल्डकप चाललेला, आणि उन्हातून आलेली माणसं मॅचच्या निमित्तानं पंख्याखाली उभी. सहादेवला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. तो पावतीची वाट बघत होता, आणि एकाएकी मधल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर एका गोलंदाजाचा चेहरा आला. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब. थेंब लोंबला, थरथरला आणि पडला. सहादेव दोन पावलं पुढं सरकला. कुठला कोण माणूस, साता समुद्रापलीकडं पळतोय, आणि त्याच्या नाकावरचा थेंब इथं पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आपल्याला दिसतो. थेंब दिसतो. मग हात का नाही दिसणार?

“काका, मिक्सर बुधवारी,” दुकानातल्या माणसानं पावती फाडली.

“ह्यो केवढा हाय?”

“हा होय? एकोणतीस इंच. फ्लॅट काच, परातीसारखी सपाट. परवाच आलाय.” त्यानं सहादेवच्या बाहीवरचे ऑइलचे डाग बघितले. “वीस इंचीत पण चांगले आहेत, इकडं या, दाखवतो.”

“न्हाई. ह्योच.”

कोणता हात, तर त्याच्या बायकोचा. मागल्या वर्षीच्या चैत्रात, घराजवळच्या मारुतीच्या देवळातल्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात कलाबाईनं वर केलेला हात. सकाळी दहाला कीर्तन उभं राहिलं. सूर्यभान महाराज पुढं, मागं टाळकऱ्यांच्या दोन रांगा, पहिल्या रांगेत डावीकडून पहिला सहादेव. तीस वर्षांची जागा ती त्याची. कारखान्यात तो लेथवरचा नुसता एक आकडा, अमुक पाळीचा अमुक ऑपरेटर. पण इथं पांढरी टोपी, गळ्यात टाळ, आणि महाराजांनी चाल चढवली की उजव्या पायानं अर्धं पाऊल पुढं, डाव्यानं अर्धं मागं, साऱ्या रांगेचा एकच श्वास. आणि त्या रांगेचा एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक: एकदा कीर्तन उभं राहिलं की आरती होईपर्यंत टाळकरी रांग सोडत नाही. पायाला मुंग्या येवोत, घरी पाहुणा येवो. बायांच्या बाजूला तिसऱ्या खांबापाशी कलाबाई हिरवं पातळ नेसून बसली होती. बाराच्या सुमाराला ती उठली. हात वर केला. मग चपला शोधत बाहेर पडली आणि एकटीच उन्हातून घरी चालत गेली. कीर्तन पुढं तासभर चाललं. हंडी फुटली. आरती झाली. सहादेवनं द्रोणात काला घेतला, उपरण्याच्या टोकानं झाकून घरी नेला, आणि दारात ती आडवी पडलेली होती. कुलूप उघडलेलं, एक चप्पल पायात, एक उंबऱ्याच्या बाहेर. डॉक्टर म्हणाले, हार्टच होतं, वेळेत आणलं असतं तर, आणि तेवढंच म्हणून हात धुवायला गेले. ते अर्धं वाक्य सहादेवच्या कानात वर्षभर तसंच उघडं राहिलं होतं, दार ढकलून कुणीतरी निघून जावं तसं.

दवाखान्याच्या जिन्यावर सचिननं, त्याच्या मुलानं, विचारलं होतं, “अण्णा, आई उठून चाललेली तुम्हाला दिसली नाही का हो?” आणि सहादेवच्या तोंडून निघालं होतं, “न्हाई रं. माझं डोळं मिटल्यालं हुतं.” बस्स, एवढंच वाक्य. तेराव्याला सूर्यभान महाराज प्रवचनाला आले, त्यांनी ते वाक्य कुणाकडून तरी ऐकलं आणि उचललं. “मायबाप हो, काय ती समाधी! पत्नीचे प्राण चालले, पण टाळाचा ठेका चुकला नाही. डोळे मिटलेले, चित्त चरणी!” मांडवातल्या बाया हुंदके द्यायला लागल्या. पुढं महाराजांचं कीर्तन राहुरीला झालं, तिथं दृष्टांत झाला. संगमनेरला झालं, तिथं झाला. टेम्पो भरून आलेली अनोळखी माणसं देवळात विचारायची, ते टाळकरी कोणते हो, आणि वाकून पाया पडायची. पाया पडून घेताना सहादेवला आपले पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटायचे. माणसं चांगली होती, भाबडी होती, त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी असायचं. म्हणून तर त्यांना काही सांगता येत नव्हतं. आणि सांगायचं तरी काय? त्याला स्वतःला तरी काय ठाऊक होतं?

ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तो हात कुणासाठी होता. कलाबाईशेजारी बसलेल्या पुष्पावतीबाईंना त्यानं दहाव्यालाच गाठून विचारलं होतं. त्या दातात धरलेलं पदराचं टोक सोडून म्हणाल्या, “काय सांगू भावजी. घामाघूम झाली व्हती. म्या म्हनलं, कला, काय व्हतंय गं? तर न्हाई काय म्हनली. मग उठली न् असा हात केला बघा. तुमच्याकडं केला का देवाकडं केला, काय सांगावं? तुमी न् देव, दोगं बी एकाच दिशेला व्हते.” तेव्हापासून तो त्या दोन दिशांच्या मधे लोंबकळत होता. देवाला नमस्कार करून ती निघाली असेल, तर मरण तिचं, देवाचं, वेळेचं. पण तिनं नवऱ्याला हाक मारली असेल, तर? कामावर लेथवर लोखंड फिरत असताना तो तो हात आठवायचा प्रयत्न करायचा, आणि त्याला हात न आठवता भलतंच आठवायचं: लग्नानंतर पहिल्या वर्षी ती विहिरीवरून हात करून बोलवायची तसं, बोटं खाली, मनगट वर, कोंबडीला दाणे टाकल्यासारखं. चारचौघांत नवऱ्याला नाव घेऊन बोलवायचं नाही, मग ती अशीच बोलवायची. नमस्काराला बोटं वर असतात, बोलावताना खाली. एवढंच बघायचं होतं. बोटं वर की खाली.

आणि बघायची सोय होती. सप्ताह कमिटीनं त्या वर्षी पहिल्यांदाच व्हिडिओ शूटिंग सांगितलं होतं. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा छगन कॅमेरा आणि लाइट घेऊन आला होता. कमिटीनं एक कॅसेट आठवण म्हणून सहादेवच्या घरी पाठवली. छगनचा जुना व्हीसीआर सहादेवनं तेव्हाच आणून ठेवला होता, तो परत गेलाच नाही. घरातला टीव्ही चौदा इंची, पोटफुगा, गोल कोपऱ्यांचा. त्यावर कलाबाई करंगळीएवढी. तिचा हात म्हणजे चार ठिपके. चित्र थांबवलं की मधोमध एक पांढरी रेघ थरथरायची आणि नेमकी त्या चार ठिपक्यांवरून जायची. वर्षभर सुट्टीच्या दिवशी, घरात कुणी नसताना, त्यानं ते ठिपके मोजले होते. त्यांची बोटं कधी वर व्हायची, कधी खाली. पापणी लवली की बदलायची.

चितळे रोडवरून तो रिक्षानं न येता चालत घरी आला. घामाचा थेंब त्याच्यासोबत चालत होता. संध्याकाळी त्यानं सांगितलं तेव्हा सचिनच्या हातातला घास हातातच राहिला.

“अण्णा, एकोणतीस? तुम्ही? परवा मी एकवीस म्हणालो तर म्हणालात, देवाच्या घरात एवढं मोठं डबडं कशाला!”

“वर्ल्डकप चाललाय न्हवं?”

“मामांना वारं लागलं की काय,” वृषाली पदराआड हसली. “आता पॅड बांधून टाळ वाजवणार.”

सचिनही हसला. त्यालाही हसावं लागलं. घरात वर्षभरानं कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं, आणि त्या हसण्यात त्याला एकदम अपराधी वाटलं, चोरून आणलेल्या पैशातून पोरांना खाऊ द्यावा तसं.

टीव्ही टेम्पोतून आला. खोका दारातून आत जाईना तेव्हा दाराची फळी उतरवली. शेजारच्या चार खोल्यांतली माणसं हात लावायला आली. “सहादेवराव, आता आमचा टीव्ही विकून टाकतो, तुमच्याच दारात बसतो,” असं कुणी म्हणालं. पुष्पावतीबाईंनी काचेला हळदीकुंकू लावलं, सचिननं नारळ फोडला, आणि मग कळलं की तो ठेवायला भिंत एकच आहे, आणि त्या भिंतीवर देव्हारा आहे. सगळे सहादेवकडं बघायला लागले.

“हालवा,” सहादेव म्हणाला.

“मामा, देव?” वृषालीचा आवाज बारीक झाला.

“सैपाकघरात फळी हाय की. तिथं राहतील.”

देव टोपलीत काढताना त्याचा हात थरथरला नाही, आणि थरथरला नाही याचंच त्याला भय वाटलं. कलाबाई रोज ज्या देवांना ऊन पाण्यानं अंघोळ घालायची, ते त्यानं कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवले. मनात म्हणाला, देवा, तिला एकदा बघू दे, मग तुला परत बसवतो. देवाशी असा सौदा त्यानं आयुष्यात केला नव्हता.

पुढल्या सुट्टीला सचिन कामावर गेला, वृषाली माहेरी. दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून काचेवर येत होतं, त्यानं पडद्याला चिमटा लावला. कॅसेट आत ढकलली. यंत्रानं ती गिळली. मृदंग वाजला, आणि एकोणतीस इंचांत मारुतीचं देऊळ उभं राहिलं. महाराजांच्या उपरण्याची जर दिसली. वीणेच्या तारा दिसल्या. आता कॅमेरा वळेल, आता. कॅमेरा वळला. तिसरा खांब. हिरवं पातळ.

ती मोठी झाली होती. दुप्पट झाली होती. पण चेहऱ्याच्या जागी चेहरा नव्हता. तपकिरी रंगाचा एक डाग होता, त्याच्या कडा मुंग्यांसारख्या हलत होत्या. चौदा इंचांत जे चार ठिपके होते, ते एकोणतीस इंचांतही चारच होते, फक्त प्रत्येक ठिपका मोठा झाला होता. तो उठून काचेपाशी गेला. हातावरचे केस काचेकडं उभे राहिले, जणू तिकडून कुणी ओढत होतं. त्यानं कपाळ टेकलं, काचेनं तडतड केली. जवळून तर तीही राहिली नाही. लाल, हिरव्या, निळ्या रेघा राहिल्या. बाईचं एवढंच असतं काय, रेघा? तीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि तिचा चेहरा आठवायला बाजारातून काच आणावी लागली. ती काचही म्हणते, माझ्याकडं नाही. त्याला वाटलं, खाली बसावं. तो मागं सरकत सरकत समोरच्या भिंतीला टेकला. लांबून ठिपके जुळतील अशी आशा होती, म्हणून पुन्हा मागं फिरवून त्यानं तोच तुकडा लावला.

तेव्हा त्याला कोपरा दिसला. डावीकडचा खालचा. जुन्या टीव्हीचे कोपरे गोल होते, तिथं चित्र काळोखात बुडायचं. एका टाळाची कड तेवढी मधूनच चमकून जायची. या काचेला कोपरे सरळ होते, चित्र शेवटपर्यंत आलं होतं. तिथं एक माणूस होता. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असल्यानं तो लख्ख दिसत होता. टोपीखालचा घाम, कपाळावरचा बुक्का, कानाच्या पाळीवरचा तीळ. सहादेवनं तो तीळ आपल्या कानावर चाचपला.

त्या माणसाचे डोळे उघडे होते. तो तिसऱ्या खांबाकडं बघत होता. पलीकडं हिरवा डाग उभा राहिला, त्यातून एक तपकिरी रेघ वर गेली, बोटं नसलेली. आणि इकडं कोपऱ्यातल्या माणसानं ती बघितली. भुवया जराशा आवळल्या. त्यानं कॅमेऱ्याच्या लाइटकडं एकदा ओझरतं बघितलं. मग सावकाश, जसे कीर्तनात मिटतात तसे, डोळे मिटले. टाळ चुकला नाही.

सहादेवनं ते किती वेळा मागं नेलं, कुणास ठाऊक. हात वर, डोळे बंद. हात वर, डोळे बंद. फटीतलं ऊन चिमट्याखालून सरकत भिंतीवर गेलं. आणि जे वर्षभर आठवत नव्हतं ते एखादा वास यावा तसं आपोआप आलं. ती बोलावत होती. तिथं असताना त्याला ते कळलं होतं. बोटं खाली होती. विहिरीवरची तीच खूण. आणि त्याच्या मनात आलं होतं, हिला आत्ताच काय सुचतं? महाराजांनी चाल चढवलेली, छगनचा लाइट पहिल्यांदाच आपल्यावर आलेला, गावभर हे दिसणार, आणि मधेच रांग मोडून बायकोच्या मागं जायचं? थोडा थांब की. आरतीला येतो. एवढंच आलं होतं मनात. राग नव्हता, पाप नव्हतं. पायात खडा टोचावा एवढी कटकट. आणि त्या कटकटीवर त्यानं भक्तीचा चेहरा ओढून घेतला होता, चित्रात चांगलं दिसावं म्हणून.

वृषाली परत आली तेव्हा पडद्यावर नुसती राखाडी खरखर चालली होती आणि सासरा भिंतीला टेकून बसला होता. “मामा, बरं नाही का?” तिनं विचारलं. “चहा टाकू?” त्यानं मान हलवली, कोणत्या प्रश्नाला ते त्यालाही कळलं नाही. त्या रात्री सचिन मित्र गोळा करून मॅच बघत होता, ओरडत होता. पोराला सांगावं असं सहादेवला तीनदा वाटलं. पण सचिनचं सांत्वन त्या मिटलेल्या डोळ्यांवरच उभं होतं. आई गेली तेव्हा वडील देवापाशी होते, हे तो मित्रांना सांगायचा. ते काढून घेतलं तर पोराजवळ काय उरेल?

म्हणून सहादेव महाराजांकडं गेला. श्रावणातल्या एकादशीला कीर्तन होतं. कीर्तनाआधी महाराज देवळामागच्या खोलीत फराळाला बसले होते. राजगिऱ्याचा लाडू, दूध. सहादेवनं दार लोटून घेतलं आणि जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. कॅसेट, कोपरा, डोळे, लाइट. काही झाकलं नाही. सांगताना त्याला हलकं वाटायला लागलं होतं. आता महाराज रागावतील, म्हणतील, माझ्या कीर्तनातून तुझं नाव काढून टाकलं, चालता हो. त्या शब्दांसाठी त्याचे कान तहानले होते.

महाराज लाडू हातात धरून थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “सहादेवा,” ते म्हणाले, “डोळे उघडे होते म्हणतोस?”

“व्हय महाराज. म्या बगितली तिला. तिनं बोलावलं, न् म्या गेलो न्हाई.”

“वेडा आहेस. मिटलेल्या डोळ्यांनी संसार सोडणं सोपं असतं रे. तू उघड्या डोळ्यांनी सोडलास.”

“तसं न्हाई महाराज. म्या लाइटपायी…”

“निमित्त काहीही असो. करवून घेणारा तो.” महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मायेचा होता, खोटा नव्हता; हीच तर अडचण होती. “जा, टाळ घे. रांग भरायची वेळ झाली.”

आणि सहादेवनं टाळ घेतला. दुसरं काय घेणार? डावीकडून पहिला. त्या दिवशी दृष्टांत नव्या रूपात झाला: “मायबाप हो, डोळे उघडे होते! समोर पत्नी हात करते आहे, आणि या डोळ्यांना पत्नी दिसत नाही, पांडुरंग दिसतो!” लोक आधीपेक्षा जास्त रडले. सचिन बायांच्या पलीकडं उभा राहून रडला. सहादेवनं तोंड उघडलं, आवाज काढायला. पण तेवढ्यात चाल चढली, आणि उजवं पाऊल पुढं गेलं, डावं मागं. त्यानं ठरवून एक ठोका चुकवला. पुन्हा एक चुकवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या टाळकऱ्यांनी त्याचा ठोका आपल्या ठोक्यात झाकून घेतला, प्रेमानं, जशी म्हाताऱ्याची चूक झाकतात. आरतीनंतर पाया पडायला रांग लागली, ती देवळाच्या पायरीपर्यंत. तो उभा राहिला. एकेक डोकं त्याच्या पायांवर टेकत होतं आणि तो कुणालाच थांबवू शकत नव्हता. अजूनही तो तसाच उभा असतो, दर एकादशीला. त्याला शिक्षा करील असं कुणी या पंचक्रोशीत उरलेलं नाही.

झालं. गोष्ट एवढीच आहे. महाराज थोर आहेत, त्यांना बोल लावू नका. सहादेवलाही लावू नका. तो रोज आपला आपण लावतोच आहे. फक्त एक मागणं आहे. त्या दृष्टांतात एक बाई आहे, तिला नाव नाही, नुसतीच ‘पत्नी’ म्हणतात. ती हसताना तोंडावर हात धरायची, कारण पुढचा एक दात पडला होता. कीर्तनाच्या आदल्या दिवशी सगळ्या टाळकऱ्यांसाठी सुंठ-गुळाच्या गोळ्या वळायची, घसे बसू नयेत म्हणून, आणि कुणी आभार मानले की लाजायची. तिचं नाव कलाबाई. कुठंही हा दृष्टांत निघाला, टाळ वाजले, की घटकाभर तिला आठवा हो.